आमच्या मुलखांत पाहुणे म्हणून या



मी शहापूर तालुक्यांतील किन्हवली गांवचा रहिवासी. जन्मभर मास्तरकी केली, आणि आतां निवृत्त होऊन घरीं बसलों आहें. अशा माणसास प्रवास या विषयावर बोलावयास सांगावें, याचें प्रथम मला नवलच वाटलें. कारण प्रवास म्हणावा असा मीं फारसा केलेला नाहीं. परंतु विचार करतां ध्यानांत आलें कीं, प्रवास करण्याचा नसला तरी प्रवासी पाहण्याचा माझा अनुभव बराच मोठा आहे. पावसाळा लागला म्हणजे शनिवारीं सकाळीं आमच्या रस्त्यानें मोटारी डोंगराकडे जातात, आणि रविवारीं संध्याकाळीं परत फिरतात. जाणाऱ्यांचे चेहरे मीं पाहिले आहेत, व परतणाऱ्यांचेहि पाहिले आहेत. प्रवासवर्णन लिहिणारा नेहमीं प्रवासीच असतो. ज्याच्या गांवीं तो जातो त्या गांवकऱ्याचें म्हणणें सहसा कोणी विचारीत नाहीं. तें म्हणणें आज मी आपल्यापुढें ठेवणार आहें.

आरंभ मात्र इंग्लंडपासून करतों. तिकडे जाऊन आलेल्या मराठी माणसांनीं लिहिलेलीं वर्णनें आपण वाचतों. परंतु त्यांत बहुधा लंडन शहरच अधिक असतें. पंडिता रमाबाई १८८३ मध्यें इंग्लंडला गेल्या, त्या वाँटेज नांवाच्या एका लहानशा गांवीं जाऊन राहिल्या, ही गोष्ट थोड्यांच्याच स्मरणांत असते. इंग्रज मनुष्य मात्र सुटी मिळतांच आपल्या देशाचे ग्रामीण परगणे पाहावयास निघतो, आणि हा त्याचा शिरस्ता दोनशें वर्षांहून जुना आहे. इंग्लंडच्या उत्तरेस कंबरलंड व वेस्टमोरलंड हे दोन परगणे होते. १९७४ मध्यें त्यांचा मिळून कंब्रिया नांवाचा परगणा करण्यांत आला. डोंगर, दऱ्या व सरोवरें यांनीं भरलेला हा मुलूख. वर्डस्वर्थ कवि तेथलाच. लोकांनीं हा मुलूख पाहावा, कोठून कोणता देखावा चांगला दिसतो हें त्यांना कळावें, म्हणून त्यानें एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलें. त्याचा पहिला मजकूर १८१० मध्यें छापला गेला. लोक येऊं लागले. पुढें १८४४ मध्यें केंडल गांवाकडून विंडरमियर सरोवराकडे आगगाडी नेण्याचा बेत निघाला, तेव्हां त्याच कवीनें वर्तमानपत्रांतून त्या बेतास कडाडून विरोध केला. आगगाडी कांहीं थांबली नाहीं; १८४७ मध्यें ती सुरू झाली.

आधीं 'या' म्हणावयाचें आणि लोक खरोखरीच येऊं लागले म्हणजे 'येऊं नका' म्हणावयाचें, या विसंगतीचें आपणांस हंसूं येईल. मलाहि पूर्वीं येत असे. परंतु आज माझी स्थिति त्या कवीसारखीच झाली आहे. आमचा मुलूख लोकांनीं पाहावा असें मला मनापासून वाटतें, आणि ज्या रीतीनें तो पाहिला जातो ती पाहून मन खिन्नहि होतें. फरक एवढाच कीं, तो कवि होता आणि मी मास्तर आहें. मास्तरानें 'येऊं नका' असें म्हणून भागत नाहीं. कसें यावें तें त्यानें सांगावयास हवें.

आतां आमचा मुलूख कोठें आहे तें सांगतों. शहापूर आणि मुरबाड हे ठाणें जिल्ह्याचे पूर्वेकडील दोन तालुके. पूर्वेस सह्याद्रीचा कडा सरळ भिंतीसारखा उभा आहे, आणि त्याच्या पायथ्यापासून पश्चिमेकडे टेकड्या, माळ व भाताचीं खाचरें पसरलीं आहेत. मुंबईहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलनें आसनगांवास उतरलें म्हणजे शहापूर अगदीं जवळ. मुरबाडास कल्याणहून सडक आहे. शहापूरहून निघालेली एक सडक आमच्या किन्हवलीवरून सरळगांवास जाते व तेथें कल्याण–अहिल्यानगर महामार्गास मिळते. २०२५ मध्यें पूर्ण झालेला समृद्धि महामार्गहि शहापूर तालुक्यांतूनच गेला आहे. तथापि त्या मार्गानें जाणाराला आमचा तालुका केव्हां लागला व केव्हां सरला हें समजतसुद्धां नाहीं. म्हणून ज्यांना मुलूख पाहावयाचा आहे त्यांनीं जुनी, वळणावळणाची सडकच धरावी.

पाहण्यासारखें काय आहे, असें आपण विचाराल. बहुतेकांना माळशेज घाट तेवढा ठाऊक असतो. परंतु आसनगांवाहून दिसणारा माहुलीचा किल्लाच घ्या. पळसगड, माहुली आणि भंडारगड अशीं त्याचीं तीन शिखरें, व त्यांच्या बाजूस आकाशांत घुसलेले सुळके. निजामशाहीचा अल्पवयी वारस बरोबर घेऊन शहाजीराजे ज्या किल्ल्यांत शेवटीं वेढले गेले, तो हा किल्ला. १६३६ मध्यें तो मोगलांच्या हातीं गेला आणि निजामशाही संपली. पुढें शिवाजीमहाराजांनीं तो घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहांत सोडला, व १६७० मध्यें परत मिळविला. आगगाडीच्या खिडकींतून हा डोंगर रोज हजारों लोकांच्या दृष्टीस पडतो. त्यांतल्या कितीजणांना त्याचें नांव सांगतां येईल?

पूर्वेस आजा पर्वत आहे. त्यास आजोबा असेंहि म्हणतात. वाल्मीकि ऋषींचा आश्रम तेथें होता, सीतामाई तेथें राहिली व लव-कुश तेथेंच वाढले, अशी आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली श्रद्धा आहे. मुरबाडच्या बाजूस सिद्धगड आहे. तेथें २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे दोन क्रांतिकारक पोलिसांच्या गोळीबारांत धारातीर्थीं पडले. त्यांच्या दस्त्यानें विजेचे मनोरे पाडून इंग्रज सरकारला जेरीस आणिलें होतें. पौषी पौर्णिमेस म्हसा येथें म्हसोबाची जत्रा भरते. बैलांचा मोठा बाजार, घोंगड्यांचीं दुकानें आणि कीर्द-खतावणीपेक्षां शब्दावर अधिक चालणारा व्यवहार ज्यांना पाहावयाचा असेल, त्यांनीं ही जत्रा चुकवूं नये.

परंतु सर्वांत आधीं मी नाणेघाट पाहावयास सांगेन. मुरबाडहून माळशेजकडे जातांना वैशाखरे गांव लागतें. त्याच्या पुढून घाटाची वाट चढते. कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल जुन्नरास व पुढें पैठणास जावयाचा तो या वाटेनें. घाटमाथ्यावरील लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा ब्राह्मी लिपींतील लेख आहे, आणि त्यांत कोरलेले अंक हिंदुस्थानांतील जुन्यांत जुन्या अंकांपैकीं समजले जातात. जकातीचा म्हणून प्रसिद्ध असलेला दगडी रांजण अजून तेथें आहे. मला स्वतःला लेखाइतकेंच कौतुक वाटतें तें वाटेवर खडकांत खोदलेल्या पाण्याच्या टांक्यांचें. दोन हजार वर्षांपूर्वीं ज्यांनीं ही वाट केली त्यांना एवढें समजत होतें कीं, प्रवासी यावा असें वाटत असेल तर त्याच्या पाण्याची सोय आधीं केली पाहिजे. पाण्याचा हा विषय मी पुढें पुन्हां काढणार आहें.

कोणत्या ऋतूंत यावें? शहरचे लोक बहुधा आषाढ–श्रावणांत येतात. त्या वेळीं डोंगर हिरवे असतात, कड्यांवरून पाणी कोसळत असतें, आणि धुक्यांत उभें राहून छायाचित्र काढून घेण्यांत मौज वाटते. त्या सौंदर्याबद्दल मी वावगें बोलणार नाहीं. परंतु वर्षाच्या बारा महिन्यांपैकीं दोनच महिने पाहून मुलूख पाहिला असें म्हणणें म्हणजे लग्नाच्या दिवशीं घर पाहून संसार कळला असें म्हणण्यासारखें आहे. पाहावयाचाच असेल तर फाल्गुनांत येऊन राब पाहा. भाताचें रोप ज्या जागेंत करावयाचें तेथें शेण, झाडांच्या वाळल्या फांद्या व पालापाचोळा अंथरून, वर माती पसरून तो थर जाळतात. यामुळें तणाचें बीं मरतें व रोप जोरानें वाढतें. त्या आधीं कित्येक दिवस बायका-माणसें डोक्यावर पाल्याचे भारे वाहून आणीत असतात. चैत्रांत मोहाचीं फुलें पहाटे गळतात, तीं वेंचावयास ठाकूर व कातकरी वाड्यांवरचीं मुलें अंधारांतच निघतात. पहिल्या पावसाच्या सुमारास रानांत शेवळें उगवतात. काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजविल्याखेरीज त्यांची खाज जात नाहीं, हें शास्त्र आमच्या आयाबायांना पुस्तकावांचून ठाऊक आहे. दिवाळी झाली कीं वाड्यांवरचीं कित्येक कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर कामास जातात, आणि माझ्या वर्गांतील मागल्या रांगा ओस पडत. हेंहि आमच्या मुलखाचेंच चित्र आहे. मात्र तें कोणी टिपून नेत नाहीं.

वाट नेहमीं दोन्ही बाजूंनीं चालते, हें आपण विसरूं नये. २००९ मध्यें नगर जिल्ह्यांतील टाकळी ढोकेश्वर येथें एक बिबळ्या विहिरींत पडला. त्यास बाहेर काढून, गळ्यांत ठावठिकाणा कळविणारें यंत्र अडकवून माळशेज घाटांत सोडण्यांत आलें. तो गडी कांहीं दिवसांत शंभराहून अधिक किलोमीटर चालून, वाटेंत कसाऱ्याचे रूळ ओलांडून, मुंबईच्या उंबरठ्यावरील राष्ट्रीय उद्यानाच्या रानांत जाऊन पोंचला. अभ्यासकांनीं त्याचें नांव आजोबा असेंच ठेविलें होतें. माणसांना वाटलें कीं मुंबई कोठें आणि माळशेज कोठें. त्या जनावरास मात्र हें सारें एकच रान वाटलें. माझ्या मतें त्याचा भूगोल आपल्यापेक्षां पक्का होता.

कारण मुंबई आणि आमचा मुलूख हे वेगळे नाहींत, याचा पुरावा आपल्या प्रत्येकाच्या घरांतच आहे. मुंबईकर श्रोत्यांनीं आज सकाळीं नळ सोडला असेल. त्यांतून आलेलें पाणी बहुतांशीं आमच्या बाजूचें आहे. तानसा नदीवरील धरण १८९२ मध्यें झालें. तें शहापूर तालुक्यांत आहे. तेथून नळांच्या वाटेनें पाणी मुंबईस जाऊं लागलें, त्यास आतां सवाशेंहून अधिक वर्षें झालीं. वैतरणेवरील मोडकसागर १९५७ चा. भातसा नदीवरील सुमारें ८८ मीटर उंचीचें धरण १९८३ मध्यें पुरें झालें. तेंहि शहापूर तालुक्यांतच आहे. मुंबईस रोज सुमारें ४०० कोटि लिटर पाणी पुरविलें जातें, आणि त्यांतलें जवळजवळ निम्में एकट्या भातसाचें असतें. आमच्याकडे वर्षास सुमारें शंभर इंच पाऊस पडतो. असें असूनहि दर उन्हाळ्यांत शहापूर तालुक्यांतील अनेक गांवपाड्यांना टँकरनें पाणी पुरवावें लागतें. ही गोष्ट वर्तमानपत्रांतून दर वर्षीं छापून येते, आणि दर वर्षीं मागें पडते.

या संबंधांत घडलेली एक लहानशी गोष्ट सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं चौथीच्या मुलांची सहल घेऊन मी मुंबईस गेलों होतों. समुद्र पाहिला, राणीचा बाग पाहिला, आणि दुपारीं एका सार्वजनिक बागेंत डबे सोडले. कोपऱ्यांत एक नळ होता. त्याची तोटी बिघडलेली असावी. पाणी सारखें वाहून गटारांत जात होतें. आमच्यांतला एक मुलगा, डोंगराच्या कुशींतल्या एका वाडीवरचा, जेवण तसेंच ठेवून उठला. त्यानें तोटी फिरवून पाहिली. ती बंद होईना. तेव्हां त्यानें स्वतःची बाटली खालीं धरून भरली, मग दुसऱ्याची भरली, मग तिसऱ्याची. सगळ्या वर्गाच्या बाटल्या भरून झाल्या तरी नळ वाहतच होता. अखेर तो माझ्याकडे आला व म्हणाला, "गुरुजी, ह्यें पाणी कुठनं येतं?"

मी भूगोल शिकविणारा. उत्तर मला पाठ होतें. मीं सांगितलें, "अरे, तानसा आणि भातसा. आपल्याच तालुक्यांतून येतें."

तो थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मंग आपल्याकं कां नाय?"

त्या मुलाची मोठी बहीण माझ्याच शाळेंत होती. होळी होऊन गेली कीं ती येईनाशी होई; कारण विहिरीवर नंबर लावून बसण्याचें काम तिच्याकडे असे. मीं त्यास समजावून सांगितलें. आमचा खडक काळा, कठीण, पाणी धरून न ठेवणारा. डोंगर उभा, म्हणून पावसाचें पाणी महिन्याभरांत वाहून जातें. धरण खालीं आणि वाड्या वर, म्हणून पाणी चढवावयास वीज व पैसा लागतो. आणि धरणाचें पाणी शहरासाठीं राखलेलें. यांतलें एकहि वाक्य खोटें नव्हतें. त्यानें मान डोलविली व आपल्या डब्याकडे परत गेला. पण त्याचें समाधान झालें नाहीं हें मला दिसलें, आणि खरें सांगावयाचें तर माझेंहि झालें नाहीं. परीक्षेंत त्या उत्तरास मीं पूर्ण गुण दिले असते; तरी त्या मुलापुढें तें पुरेसें नव्हतें.

यांत मी मुंबईकरास दोष देतों असें कृपा करून समजूं नका. तहानलेल्या शहरास पाणी देणें यांत कांहीं वाईट नाहीं, आणि त्या शहरानें आमच्या कित्येक मुलांना पोटास दिलें आहे. नळयोजनाहि झाल्या, कांहीं चालतात, कांहीं बंद पडतात. माझें म्हणणें एवढेंच कीं, ज्या घरचें पाणी आपण जन्मभर पितों त्या घरीं आपण परके म्हणून जाऊं शकत नाहीं.

इंग्लंडमध्येंहि हेंच घडलें आहे. वर्डस्वर्थच्या त्याच परगण्यांत थर्लमियर नांवाचें सरोवर होतें. मँचेस्टर शहरास पाणी कमी पडूं लागलें तेव्हां त्या शहरानें तेथें धरण बांधलें, आणि १८९४ मध्यें, म्हणजे आमच्या तानशानंतर दोनच वर्षांनीं, सुमारें ९६ मैलांच्या जलमार्गानें तें पाणी मँचेस्टरला पोंचलें. विरोध पुष्कळ झाला. तो कांहीं उपयोगी पडला नाहीं. पुढें त्याच शहरासाठीं हॉजवॉटर सरोवराची पातळी वाढविली गेली, तींत मार्डेल नांवाचें खेडें बुडालें. तेथील चर्चमध्यें शेवटची प्रार्थना १९३५ मध्यें झाली. आतां कधीं अवर्षण पडून पाणी खालीं गेलें म्हणजे त्या गांवाच्या भिंती व जुना पूल उघडा पडतो, आणि तो पाहावयास प्रवाशांची गर्दी लोटते. मीं हें वाचलें तेव्हां मला आमच्या काळू आणि शाई या नद्या आठवल्या. त्यांवरहि धरणें बांधून शहरांना पाणी नेण्याचे बेत या शतकांत पुढें आले, व बुडीत क्षेत्रांतल्या गांवांनीं त्यांस विरोध केला. ज्या गांवीं आपण आज भाकरी खाऊन जातां, त्या गांवाच्या भिंती उद्यां आपल्या नातवांनीं दुष्काळांत पाहावयास यावें, असें माझ्या मनांत येऊं नये, पण येतें.

आतां यावें कसें, तें सांगतों. इंग्लंडांत डोंगरमाळ हे जमीनदारांच्या ताब्यांत असत, व सामान्य माणसास त्यांवर पाऊल ठेवण्याची बंदी असे. १९३२ मध्यें मँचेस्टरच्या बाजूच्या तरुण कामकऱ्यांनीं डर्बीशर परगण्यांतील किंडर स्काउट या पठारावर बंदी मोडून चढाई केली, आणि त्यांतील पांचजणांनीं तुरुंगवास भोगला. १९४९ मध्यें राष्ट्रीय उद्यानांचा व ग्रामप्रवेशाचा कायदा झाला. त्या पाठोपाठ प्रवाशांसाठीं एक आचारसंहिता निघाली: फाटक उघडलें तर लावून घ्यावें, कचरा मागें ठेवूं नये, पाणी घाण करूं नये, शेतांतून जातांना पायवाट सोडूं नये. म्हणजे तिकडे लोकांनीं हक्क भांडून मिळविला, आणि त्याबरोबर कर्तव्यहि शिकून घेतलें. आमच्याकडे वाट कोणी अडवीत नाहीं. खाचराच्या बांधावरून कोणीहि जावें, कोणाच्याहि ओटीवर टेकावें. जेथें कुंपण नसतें तेथें जाणाऱ्यानेंच आपली मर्यादा ओळखावयाची असते.

म्हणून माझ्या कांहीं साध्या सूचना आहेत. लावणी झालेल्या खाचराच्या बांधावर घोळक्यानें चढूं नका. बांध फुटला कीं पाणी जातें, आणि पाण्याबरोबर वर्षाचा दाणा जातो. काचेच्या बाटल्या ओढ्यांत फोडूं नका. आमच्या शेजारच्या एका बाईच्या पायांत लावणीच्या दिवसांत अशीच काच शिरली. लावणी चार दिवसांची असते, आणि ते चारहि दिवस तिनें घरीं पडून काढले. विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बायकांचीं छायाचित्रें त्यांना न विचारतां काढूं नका. आपल्याला तो देखावा वाटतो. त्यांचा तो तिसरा हेलपाटा असतो. पावसाळ्यांत धबधब्यांवर जाण्यास जिल्हाधिकाऱ्यांचे मनाईहुकूम निघतात, त्यांची थट्टा करूं नका. वर डोंगरांत पडलेला पाऊस खालीं दिसत नाहीं, आणि ओढ्यास लोंढा आला म्हणजे पळावयास अवधि मिळत नाहीं. अशा वेळीं दोरी घेऊन पाण्यांत उतरावें लागतें तें आमच्याच वाडीवरच्या पोरांना.

जेवावयाचें असेल तर आदल्या दिवशीं कळवा, आणि त्या ऋतूंत जें पिकतें तें खा. भाकरीचा भाव विचारून घ्या, परंतु भाकरीवर घासाघीस करूं नका. गांवाचें नांव विचारा, नदीचें नांव विचारा, म्हाताऱ्या माणसास डोंगराचें नांव विचारा. या विचारण्याला पैसे पडत नाहींत, आणि सांगणारा दिवसभर आनंदांत असतो. शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. उन्हाळ्यांत कोणी आपल्यापुढें पाण्याचा तांब्या केला तर जेवढें हवें तेवढेंच घ्या, पण घेतलेलें सगळें प्या. अर्धा तांब्या अंगणांत ओतून रिकामा परत देऊं नका. तें पाणी कोणीतरी डोक्यावरून आणलेलें असतें.

हें सर्व सांगतांना यजमानांचे दोष झांकणें योग्य नव्हे. आमच्याच लोकांनीं डोंगराच्या पायथ्याच्या जमिनी विकल्या, आणि आलेला पैसा मोटारसायकलींत व लग्नांत घालविला. 'चुलीवरचें जेवण' अशी पाटी लावून आंत बाजारचा मसाला वापरणारे आमचेच आहेत. ओढ्यांत कचरा टाकण्यांत आम्हीहि मागें नाहीं. आणि वरात निघाली कीं रात्रभर कर्कश वाद्यें लावून सबंध खोरें जागें ठेवणारेहि आम्हीच. पाहुण्यानें कसें वागावें हें सांगण्याचा अधिकार हवा असेल, तर घर आधीं स्वतः झाडलें पाहिजे. हें मी गांवच्या सभेंत अनेकदां बोललों आहें, व त्याबद्दल बोलणीहि खाल्लीं आहेत.

श्रोतेहो, मला दिलेला वेळ संपत आला. जातां जातां एक आमंत्रण देतों. पावसाळ्यांत तर आपण याच. पण एकदां चैत्राच्या शेवटीं या. तेव्हां डोंगर तपकिरी असतात, धबधब्यांच्या जागीं काळे ओघळ तेवढे दिसतात, ऊन लागतें, आणि मोटार उभी करावयास हवी तेवढी जागा मिळते. मुलांना बरोबर आणा. आधीं त्यांना तानशाची किंवा भातशाची भिंत लांबून दाखवा, आणि मग तेथून फार दूर नसलेल्या एखाद्या वाडीवर, टँकर यावयाच्या वेळीं, घटकाभर उभें राहा. भाषण करूं नका, मदतहि लगेच वांटूं नका, नुसतें पाहा.

आपलीं मुलें हुशार असतात. घरीं परततांना त्यांतलें एखादें आपणांस तोच प्रश्न विचारील, जो त्या मुलानें मला बागेंत विचारला होता. मला त्याचें उत्तर नीट देतां आलें नाहीं. आपल्यांत इंजिनीअर आहेत, वकील आहेत, अधिकारी आहेत, नगरसेवक आहेत. आपणांस कदाचित् देतां येईल. आमचा मुलूख पाहून झाल्यावर आपण तेवढा प्रश्न बरोबर नेलात, तरी आपलें येणें सार्थकीं लागलें असें मी समजेन.